डबीत काय आहे ते कोण पाहणार?

आमच्याकडे विदर्भात घराच्या वायरिंगची मजुरी पॉइंटवर ठरते. एक बल्ब म्हणजे एक पॉइंट, एक पंखा म्हणजे एक पॉइंट, बोर्डावर प्लग वाढवला की तोही हिशेबात. दर गावागणिक वेगळा, पण मोजायची रीत बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत सारखीच. या रीतीत तार किती लांबून ओढली, ती किती जाडीची आहे, जोड कुठे आणि कसा मारला, याला काडीची किंमत नाही. मेनपासून नवी तार आणून दिलेला पॉइंट आणि शेजारच्या डबीतून (भिंतीतल्या तारा जोडायच्या जंक्शन बॉक्समधून) दोन टोकं पिळून दिलेला पॉइंट, दोघांचे पैसे तेवढेच. मग कुठला वायरमन भिंत फोडत बसेल?

गावातल्या कुठल्याही दहा-पंधरा वर्षं जुन्या घरातली पंख्याजवळची किंवा मुख्य खोलीतली जंक्शनची डबी उघडून पाहा. झाकण सहजी निघत नाही, कारण त्यावर दोन-तीन वेळा चुना किंवा पुट्टी बसलेली असते. निघालं की आतून तारांचा गुंता स्प्रिंगसारखा बाहेर येतो. लाल, काळ्या, पिवळ्या, कुठे टेलिफोनची पातळ वायर, कुठे मोटारीच्या केबलचा उरलेला तुकडा. पिळलेले जोड, त्यावर कधी काळी गुंडाळलेली आणि आता डिंक सुकून सुटलेली टेप. कोणती तार कुठे जाते हे तिथे काम केलेल्या वायरमनलाच माहीत, आणि तो बहुधा पुण्याला किंवा सुरतेला गेलेला असतो. आमच्या भागातला एक हुशार वायरमन मला म्हणाला होता, "भाऊ, नवीन पाइप टाकाची म्हनजे भिंत फोडा लागते. घरमालक म्हन्ते, आत्ताच त रंग देल्ला. मंग त्याच डबीतून देऊन टाकतो. चालूनच राह्यते ना." तो खोटं बोलत नव्हता. चालतं खरंच. कित्येक वर्षं चालतं, आणि म्हणूनच या विषयावर कुणी बोलत नाही.

याला वायरमनचं अज्ञान म्हणून मोकळं होता येणार नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा दोन वर्षांचा कोर्स केलेल्या पोराला नियम पाठ असतात. घरगुती वायरिंगचं भारतीय मानक आहे, आयएस ७३२. लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॉटच्या पुढे नको, ही शिकवण त्यातूनच आलेली. पॉवर प्लगच्या एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त प्लग नकोत, हीसुद्धा. तार मध्येच कापून जोडायची नाही, एका बटनावरून दुसऱ्या बटनावर अखंड फिरवत न्यायची, ज्याला लूपिंग म्हणतात. जोड टाळताच आला नाही तर तो कनेक्टरने करायचा आणि अशा डबीत करायचा जी केव्हाही उघडून पाहता येईल. एवढं पाळलं तर डबीत गर्दी होण्याचं कारणच उरत नाही. ती होते, कारण पहिल्या दिवशी चार पॉइंटसाठी केलेल्या सर्किटवर पुढच्या वीस वर्षांत चौदा पॉइंट चढतात आणि प्रत्येक नवा पॉइंट एक जोड घेऊन येतो.

डबीत किती तारा मावाव्यात याचा तर अमेरिकेच्या वायरिंग नियमात सरळ गणिती हिशेब आहे. तिथे १४ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) प्रत्येक तारेला डबीत २ घन इंच जागा द्यावी लागते, त्याहून जाड १२ गेजच्या तारेला २.२५ घन इंच. डबीतच प्लग किंवा बटन बसवलं तर त्याची जागा दोन तारांइतकी धरतात. हा हिशेब आपल्या डबीला लावून पाहू. ६५ मिलिमीटर व्यासाची, ४० मिलिमीटर खोल गोल डबी घ्या. तिच्यात १३३ घन सेंटिमीटर जागा होते. १४ गेजच्या एका तारेला साधारण ३३ घन सेंटिमीटर लागतात, म्हणजे या डबीत चार तारा. आपल्याकडे चार बाजूंनी पाइप येणाऱ्या डबीत बारा-पंधरा तारा सहज असतात आणि झाकण बसावं म्हणून त्या अंगठ्याने दाबून कोंबलेल्या असतात. अमेरिकेची घरं लाकडाची, आपली विटांची, असं कुणी म्हणेल. भिंत पेटत नाही हे खरं. पण आपल्या भिंतीला टेकून काय ठेवलेलं असतं ते पुढे येतंच.

आधी डबीच्या आत काय घडतं ते पाहू, कारण इथेच बहुतेकांचा समज चुकीचा आहे. लोकांना वाटतं, मिनी बसवली म्हणजे भीती गेली. मिनी म्हणजे एमसीबी, भार वाढला की आपोआप पडणारं बटन. ती तारेतून जाणारा प्रवाह पाहते, डबीतली उष्णता तिला कळत नाही. पिळलेला जोड वर्षभर तापतो आणि निवतो, तापला की प्रसरण पावतो, निवला की सैल होतो, तांब्यावर काळपट थर चढतो. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची तार असते आणि तिला नवीन तांब्याची तार पिळलेली असते. हा जोड आणखी लवकर बिघडतो. समजा अशा सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे त्या जोडावर ५० वॉट उष्णता निर्माण होते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डाग देण्याची जी लहान इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) असते, ती साधारण २५ वॉटची. तशा दोन इस्त्र्या बंद डबीत प्लॅस्टिकला लावून ठेवल्यासारखं झालं. आणि मिनीच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, कारण प्रवाह दहाच अँपिअर आहे. चिनी मातीच्या जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. फ्यूज सारखा उडतो ही त्यांची तक्रार, आणि उडू नये ही त्यांची दुरुस्ती.

आता यात विदर्भाचा उन्हाळा मिसळा. घरात वापरतो त्या पीव्हीसी तारेचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असं धरून तिची क्षमता ठरवतात. भोवतालचं तापमान ३० अंश असताना २० अँपिअर झेलणारी तार ५० अंशांत साधारण १४ अँपिअरच झेलते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ ओलांडतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, टिनाच्या पत्र्याखालची किंवा उन्हाने दिवसभर भाजलेल्या स्लॅबमधली पाइप ५० अंशांना पोचणं काही विशेष नाही. शिवाय एकाच पाइपातून सहा सर्किटच्या तारा नेल्या आणि सगळ्यांवर भार असला, तर त्या एकमेकींना तापवतात आणि क्षमता पुन्हा जवळपास निम्म्यावर येते. २० चे १४, १४ चे ८. आणि इस्त्री व पाण्याचा रॉड एकाच वेळी लागला तर प्रवाह होतो अकरा अँपिअरच्या आसपास. तार विकत घेताना दुकानदाराने सांगितलेला आकडा खरा असतो, फक्त तो आपल्या घराचा नसतो.

त्यातही गावातला दाब कमी. डीपीपासून शेवटच्या घरापर्यंत पोचेतो २३० चे १८० व्होल्ट झालेले असतात. पाण्याची मोटार तेवढंच काम करायला जास्त प्रवाह ओढते. पंखा हळू फिरतोय म्हणजे तारेवर भार कमी आहे, असं वाटतं. पाण्याच्या मोटारीच्या बाबतीत उलट असतं.

भिंतीला टेकून काय असतं म्हणालो ते आता सांगतो. पश्चिम विदर्भात दिवाळीनंतर कापूस घरात येतो. भाव पडलेला असला की शेतकरी तो विकत नाही, थांबतो. छपरीत, माजघरात, कधी झोपायच्या खोलीत कापसाचा ढीग आढ्याला टेकतो. पोरांच्या अंगाला खाज सुटते, तरी भाव येईल या आशेवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत घर कापसात राहतं. त्या ढिगाच्या मागे बोर्ड असतो, वर डबी असते. शेजारी गोठ्यात कुटार भरलेलं. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात कापूस नाही, पण धानाची तणस आहे. कवेलूच्या घरात तारा फाट्यांवरून जातात आणि उंदीर त्या कुरतडतात. कापसाला पेटायला मोठी ज्वाळा लागत नाही, एक ठिणगी पुरते. वर्षाची मिळकत आणि घर एकाच डबीखाली ठेवलेलं असतं. बातमी येते ती एका ओळीची: शॉर्टसर्किटने आग, लाखोंचं नुकसान. शॉर्टसर्किट हा शब्द आपण दैवी प्रकोपासारखा वापरतो. पंचनाम्यात तो आला की पुढे कुणी विचारत नाही की शॉर्ट झालं कुठे, आणि त्या जागी किती तारा होत्या.

एवढा भार आला कुठून? याचं उत्तर लाज वाटण्यासारखं अजिबात नाही. घरं सुधारली म्हणून आला. सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली. गरीब घराला फुकट जोडणी मिळाली, ती एका पॉइंटच्या वायरिंगची, एक एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्ज करायची सोय एवढीच. चांगलं झालं. पण ज्या घरात एका पॉइंटवर वीज पोचली, त्या घराने पुढच्या तीन-चार वर्षांत पंखा घेतला, टीव्ही घेतला, कूलर घेतला, काहींनी फ्रिज घेतला. नळाला पाणी चढत नाही म्हणून टिल्लू पंप लावला. हे सगळं त्या एका पॉइंटवरून पसरत गेलं. घरकुलांचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजनेचं मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार रुपये. त्यात भिंती आणि छत उभं करता करता माणूस मेटाकुटीला येतो. वायरिंग शेवटी येतं, तेव्हा हातात पैसे उरलेले नसतात. मग सगळ्यात स्वस्त तार, सगळ्यात कमी डब्या आणि अर्थिंगला रामराम.

अर्थिंगवरून कूलरचा विषय काढावाच लागेल. कूलर हे विदर्भाचं यंत्र आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित कळणार नाही, पण आमच्याकडे मे महिन्यात कूलर ही चैन नसते. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, खिडकीत बसवलेला, बाहेरून पाणी भरायचं, खाली ओल. थ्री-पिन प्लगची तिसरी पिन कापून टाकलेली किंवा बोर्डात तिच्यामागे तारच नाही. पंपाचं इन्सुलेशन गेलं की पूर्ण बॉडीत वीज येते. दर उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यांच्या पानांवर कूलरच्या शॉकने गेलेल्या माणसांच्या बातम्या असतात, आणि त्यात लहान मुलं असतात, कारण कूलरला हात लावून थंड हवेसमोर उभं राहायला मुलांना आवडतं. पाणी भरताना बटन बंद करा, असं आपण बायकांना आणि पोरांना सांगत असतो. सांगावंच. पण ज्या घरात बटन फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर, न बसता परतीच्या न्यूट्रल तारेवर बसलंय (आणि गुंत्यात हे हमखास होतं) तिथे बटन बंद करूनही बॉडी जिवंतच राहते.

बरं, अर्थिंग केलं तर सुटलो का? तेही नाही. काळ्या कपाशीच्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. माती रॉडपासून सुटते, खड्ड्यात पाणी घालायला कुणाला आठवत नाही. अशा वेळी अर्थिंगचा रोध ४० ओहम झाला तर २३० व्होल्टला जेमतेम पावणेसहा अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरची मिनी त्याने हलणारसुद्धा नाही, कूलरची बॉडी तशीच विजेची राहील. माणसाचा जीव जायला मात्र अँपिअरचा एक बारीक अंश पुरतो. म्हणून आरसीसीबी नावाचं यंत्र लागतं, ज्याला दुकानात अजून बरेच जण ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच ते पाहतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की अर्ध्या सेकंदाच्या आत वीज तोडतं. किंमत दीड-दोन हजारांच्या आसपास.

तर मग सरकारने आरसीसीबी वाटाव्यात, प्रश्न सुटला, असं म्हणणारे मला बरेच भेटतात. उदाहरणही चांगलं देतात: २०१५ मध्ये उजाला योजना आली, सरकारने एलईडी बल्ब एकगठ्ठा घेतले, किंमत धाडकन खाली आली आणि आज गावात पिवळा बल्ब शोधूनही सापडत नाही. तसंच आरसीसीबीचं करा. करावंच, माझा विरोध नाही. पण ते यंत्र आपल्या डब्यांच्या घरात बसवलं की पहिल्याच संध्याकाळी काय होतं ते वायरमनला विचारा. यंत्र सारखं पडतं. कारण त्याच गर्दीच्या डबीत एखाद्या पॉइंटला फेज यंत्रावरच्या सर्किटचा आणि न्यूट्रल यंत्राबाहेरच्या दुसऱ्या सर्किटचा दिलेला असतो. कुठे न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगच्या तारेवर बल्ब चालवलेला असतो. यंत्राला फरक दिसतो, ते आपलं काम चोख करतं. घरमालक म्हणतो, हे बेकार आहे. वायरमन दोन इंचाची तार टाकून ते बायपास करून देतो आणि भिंतीवर दोन हजारांचं शोभेचं यंत्र उरतं. बल्ब बदलायला होल्डर पुरतो. आरसीसीबी टिकायला आधी डब्या साफ कराव्या लागतात. आणि सैल जोड तापतोय, हे तर मिनीला कळत नाही तसं आरसीसीबीलाही कळत नाही. ते कळायला झाकण उघडून पाहणारा माणूस लागतो, ज्याच्या हातात टेस्टर आणि मेगर (तारांचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) आहे आणि ज्याला त्या कामाचे पैसे मिळतात.

असा माणूस आपल्या व्यवस्थेत कुठे आहे? शोधायला गेलं तर तो पूर्वी कागदावर होता. भारतीय विद्युत नियम १९५६ मधला नियम ४६ म्हणत होता की ग्राहकाच्या जोडणीची पाच वर्षांतून एकदा तरी तपासणी आणि चाचणी व्हावी, विद्युत निरीक्षकाने करावी किंवा वीजपुरवठादाराने. जुन्या माणसांकडून असा कुणी गावात येऊन गेल्याचं मी ऐकलेलं नाही, पण निदान नियमात तो होता. २०१० पासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे नियम आले आणि पुढे कमी दाबाच्या जोडण्यांची तपासणी मालकानेच करून स्वतःच प्रमाणित करावी अशी वाट निघाली. कारखान्याच्या मालकाकडे इंजिनिअर असतो, तो करेल. नेर किंवा सिंदेवाहीकडच्या खेड्यातल्या सत्तर वर्षांच्या दादाजींनी आपल्या घराचा इन्सुलेशन रोध मोजून स्वतःला प्रमाणपत्र द्यावं, हे कसं व्हायचं?

राहिला टेस्ट रिपोर्ट. नवीन मीटर घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. त्यात ५०० व्होल्टच्या मेगरने घेतलेलं माप असायला हवं, ते किमान एक मेगाओहम यायला हवं, अर्थिंग तपासलेलं हवं. गावाकडे हा कागद कसा मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. तालुक्याच्या ठिकाणी मिळतो, घर न पाहता मिळतो, ठरलेल्या पैशात मिळतो. आकडे भरलेले असतात, सुंदर अक्षरात. हा कागद मीटर लागेपर्यंत जगतो. त्यानंतर घरात काय वाढलं, कुठल्या डबीत काय पिळलं, याच्याशी कुणाचा संबंध नाही. कायद्याने मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची आणि मीटरनंतरची ग्राहकाची. हे वाटप चुकीचं नाही. पण आपलं सगळं सार्वजनिक बोलणं त्या मीटरपाशीच अडकलंय. स्मार्ट मीटर हवं की नको यावर मोर्चे निघतात, बिलावर भांडणं होतात, लाइनमनला शिव्या पडतात. मीटरच्या आतल्या बाजूला जी तार आपल्या झोपलेल्या पोरांच्या डोक्यावरून जाते, तिच्यावर एकही सभा होत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले, इलेक्ट्रिक ऑडिट हा शब्द मंत्र्यांपासून वार्ताहरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आला. रुग्णालयांपुरता तो काही काळ टिकला. पण जिल्हा परिषदेच्या शाळांचं काय? लोकवर्गणीतून एलईडी स्क्रीन आली, कॉम्प्युटर आले, पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, आणि ते सगळं १९८० च्या दशकातल्या पट्टी फिटिंगवर लागलं. उद्घाटनाची फीत कापली जाते, डबीचं झाकण कुणी काढत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरगुती वायरिंगची ठरावीक मुदतीने प्रत्यक्ष तपासणी पुन्हा सार्वजनिक काम व्हायला हवी आणि तिचा खर्च विजेच्या पैशातूनच निघायला हवा. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न इथे खोटा आहे. बिल उलटून बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि त्याखाली वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. हा राज्य सरकारचा कर आहे, आपण तो दरमहा भरतो. त्यातला एक लहानसा भाग त्या घराची वायरिंग पाच वर्षांतून एकदा पाहायला लावला तर कुणाचं घोडं मारलं? माणूसही शोधायला लांब जावं लागणार नाही. लहान ग्रामपंचायतींसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमायची कल्पना सरकारनेच काही वर्षांपूर्वी काढली होती, गावातलाच आयटीआय झालेला पोरगा घेऊन. त्याच्याकडून फ्यूज टाकण्याची आणि बिल वाटण्याची अपेक्षा होती. त्याला मेगर द्या आणि डब्या उघडायला लावा.

यावर सगळ्यात जोरदार हरकत मला पटणारी आहे, म्हणून तिला टाळत नाही. तपासणी आली की निरीक्षक आला, निरीक्षक आला की चिरीमिरी आली. गरिबाच्या घरात दोष काढून वीज तोडायची धमकी द्यायला आणखी एक माणूस तयार होईल. आमच्याकडच्या माणसाने ग्रामसेवक, तलाठी, वनरक्षक सगळे पाहिलेत, त्याची भीती खरी आहे. म्हणून तपासणाऱ्याला वीज तोडण्याचा अधिकार अजिबात नको. दंडाचाही नको. त्याने काय सापडलं ते मराठीत लिहून मीटरच्या पेटीवर चिकटवायचं: कुठल्या खोलीच्या डबीत गर्दी आहे, कुठल्या प्लगला अर्थिंग नाही, कुठला जोड काळा पडलाय. घरातल्या बाईला तो कागद वाचता आला पाहिजे. मग दुरुस्ती घराने करावी, जमेल तेव्हा करावी. निदान कूलर कुठल्या प्लगवर लावू नये एवढं तरी तिला कळेल. शिवाय तपासणारा शेजारच्या गावचा असावा, म्हणजे आपणच केलेलं काम आपणच पास करायचा प्रश्न येत नाही, आणि भावकीही आड येत नाही.

घरकुलाला तर नवीन यंत्रणाही लागत नाही. हप्ता सोडण्याआधी बांधकामाचे टप्प्याटप्प्याने फोटो काढून, जागेच्या खुणेसह, वर पाठवावे लागतात. पायथा झाला, फोटो. छत झालं, फोटो. शेवटच्या हप्त्याला आणखी दोन फोटो मागा, एक उघड्या डबीचा आणि एक अर्थिंगच्या खड्ड्याचा. आणि अनुदानात वायरिंगची स्वतंत्र ओळ घाला, त्यातच आरसीसीबी. फोटोतही लबाडी होईल, मला ठाऊक आहे; पण लबाडी करायला तरी डबी उघडावी लागेल.

मजुरीच्या बाबतीत सरकार काही करू शकत नाही, ते आपल्यातच ठरायला हवं. तालुक्यातल्या वायरमन मंडळींनी एकत्र बसून पॉइंटच्या दरासोबत दोन दर आणखी जाहीर करावेत, मेनपासून नवीन सर्किट ओढण्याचा आणि जुनी डबी उघडून जोड कनेक्टरने नीट करण्याचा. आज या दुसऱ्या कामाला नावच नाही, म्हणून ते कुणी मागत नाही आणि कुणी करत नाही. घरमालक आधी कुरकुर करेल. पण जो माणूस कपाशीवर तिसरी फवारणी करताना हिशेब मांडत नाही, त्याला घराच्या भिंतीवर चार-पाचशे रुपये जास्त द्यायला लावणं अशक्य नाही. त्याला समजावायला वायरमनपेक्षा योग्य माणूस गावात दुसरा नाही.

सरकार कधी हलेल ते माहीत नाही, ग्रामपंचायत मात्र उद्या हलू शकते. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर आणि ग्रामपंचायतीची स्वतःची इमारत, एवढ्याच डब्या आधी उघडाव्यात आणि सापडलेलं फलकावर लावावं. ठराव घ्यायचा तर तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्या. तेव्हा कापूस घरात असतो, कूलर अजून माळ्यावर असतात आणि वायरमनच्या हाताला काम कमी असतं. १ मेच्या सभेपर्यंत थांबलात तर कूलर खिडकीत लागलेले असतील, आणि ते काढून डबी उघडा म्हणाल तर कुणी ऐकणार नाही.